वारलूच्या वीस अळ्या

"अवो, आधी इकडं या! माह्या पोळपाटावर काय चढून राह्यलं ते पाहा!"

सीताबाई लाटणं हातात धरून भिंतीला चिकटून उभी होती. पोळपाटावर, सांडलेल्या पिठातून, करंगळीएवढी लठ्ठ हिरवी अळी सावकाश चालली होती. घर आपल्याच बापाचं असल्यासारखी.

वारलू अंगणातून धावत आला, गुडघ्यावर बसला आणि अळीकडे टक लावून पाहू लागला. बायको किंचाळते आहे याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

"खानं सोडलं इनं," तो म्हणाला. "आता कोष बांधाले जागा पाहून राह्यली. डब्यातून निंगाली वाटते."

"मंग माह्या पोळपाटावर बांधते काय कोष? उचला ते घान!"

वारलूनं बोट पुढे केलं. अळीनं डोक्यातून दोन लालसर शिंगं बाहेर काढली आणि स्वयंपाकघरात सडक्या लिंबाचा उग्र वास पसरला. सीताबाईनं नाकाला पदर लावला, कणकेचा अख्खा गोळा उचलला आणि मागच्या दारी कोंबड्यांपुढे फेकला. त्या दिवशी दोघांनी कालचा भात फोडणी देऊन खाल्ला, आणि खातानाही सीताबाईचं शितं निरखणं चालूच होतं.

तिचं तरी काय चुकलं? अळी ही काही कौतुकानं चुलीपाशी बसवायची वस्तू नाही. लिंबावरची अळी लहानपणी दिसते हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी, मोठी झाली की नुसती खाते आणि लेंड्या टाकते, आणि हात लावला तर वास सोडते. वारलूच्या घरी अशा पन्नास-साठ अळ्या होत्या. मिठाईच्या डब्यांत, जाळी लावलेल्या बरण्यांत, न्हाणीच्या खिडकीत. सकाळी उठून तो कुंचल्यानं त्यांच्या लेंड्या झाडायचा आणि ताजी पानं घालायचा. स्वतःचा चहा त्यानंतर. मुलगी चंचल नागभीडला दिलेली. तिनं बापाला आपला जुना मोबाइल दिला होता, त्याला रबरबँडनं एक भिंग बांधून वारलू अळ्यांचे फोटो काढायचा. एका अळीचे दिवसाला चार. शेजारपाजारचे म्हणत, वारलू रिटायर झाला आणि डोक्यावर परिणाम झाला.

हाच माणूस एकतीस वर्षं सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात पाठीवर पंप घेऊन फिरला होता. फवारणी मजूर. खोडकिडा म्हणा, लष्करी अळी म्हणा, पाहिली की नळी तिच्याकडे. फवारणीच्या दिवशी तो चमच्यानं जेवायचा. हात तीनदा साबणानं धुतला तरी घास तोंडाजवळ आला की औषधाचा दर्प यायचा. चंचल लहान असताना तिला उचलून घ्यायलाही तो कचरायचा. दुसऱ्याला अळीची किळस येते, वारलूला स्वतःच्या तळहातांची यायची. बांधावर पाट्या लागत, धानाच्या वाणाचं नाव, साहेबांचं नाव, तारीख. औषध मारणाऱ्याचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं, आणि असावं असं तेव्हा त्यालाही वाटलं नव्हतं.

रिटायर झाल्याच्या पहिल्याच पावसाळ्यात अंगणातल्या लिंबावर अळ्या लागल्या. वारलू सवयीनं एक चिरडायला गेला. तिनं शिंगं उगारली. करंगळीएवढा जीव, आणि ज्यानं तिच्या जातभाईंचा एकतीस वर्षं खातमा केला त्याच्यावरच शिंगं! वारलूला हसू फुटलं, आणि चिरडायला उचललेलं बोट त्यानं खाली घेतलं. पंधरा दिवसांनी त्याच अळीचा कोष फुटून काळं-पिवळं ठिपक्यांचं फुलपाखरू निघालं, त्याच्या मनगटावर बसून त्यानं पंख वाळवले. वारलूनं तो हात नाकाशी नेला. वास काहीच आला नाही. तेव्हापासून हे वेड.

मग एक दिवस गोपालसर आले. हे खासगी शाळेत शिक्षक, पण शाळेपेक्षा समित्यांत जास्त. गावाबाहेरच्या पडीत जागेवर फुलपाखरू बाग झाली होती आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी तिचं उद्घाटन होतं. जिल्ह्याहून मोठे साहेब येणार होते. गोपालसरांनी वारलूच्या मोबाइलमधले फोटो पाहिले. अंडं, विष्ठेसारखी पोर-अळी, कात टाकणारी अळी, कमरेला धागा बांधून टांगलेला कोष. एका अळीच्या जन्माचे निवडक तेवीस फोटो.

"वारलूभाऊ, हे तं आपन मोठ्ठ्या फ्लेक्सवर लावू," गोपालसर म्हणाले. "तेवीसच्या तेवीस. खाली तुमचं नाव. वारलू गुरनुले, सिंदेवाही."

"अळ्याचे बी लावसान?" वारलूनं विचारलं.

"अळ्याचे तं आधी! लोकाईले समजलं पायजे ना जी. फक्त एक काम करा. उद्घाटनाले साहेबाच्या हातून वीस फुलपाखरं सोडाची आहेत. जिवंत. दहा वाजता."

नाही म्हणायला काय लागत होतं? पण माणसाला आयुष्यात एकदाच आपलं नाव मोठ्या अक्षरात दिसणार असतं, तेव्हा जीभ भलतीकडेच वळते. वारलू हो म्हणाला.

आणि हे काम सोपं नव्हतं. वीस कोष वीस वेगवेगळ्या दिवशी फुटतात. ते एकाच सकाळी फुटावेत म्हणून वारलूनं महिनाभर जी कारागिरी केली ती या तालुक्यात दुसऱ्या कुणाला जमली नसती. पुढे चाललेले कोष त्यानं मडक्याशेजारी ओल्या पोत्याजवळ टांगले, म्हणजे ते रेंगाळतील. मागे राहिलेले चुलीच्या भिंतीशी नेले, म्हणजे ते पाय उचलतील. कोषाची कड काळी पडून आतले ठिपके दिसू लागले की उद्या सकाळी फुटणार, हे तो लांबून ओळखायचा. सीताबाई चुलीशी जाताना कोष मोजायची आणि शिव्या द्यायची.

शनिवारी गोपालसर पाहायला आले तेव्हा वारलूला राहवलं नाही. त्यानं आपली युक्ती फुशारकीनं सांगितली.

"थंड्यात ठेवलं का थांबते जी. आतल्या आत दम धरून राह्यते."

"म्हंजे थंडीनं थांबतेत तर!" गोपालसर म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली.

रविवारी सकाळी सहापासून कोष फुटू लागले. एकामागून एक ओली, चुरगळलेली फुलपाखरं बाहेर येऊन मोठ्या डब्यातल्या काड्यांना लटकली. साडेसातला एकोणीस बाहेर होती, विसावं निघत होतं. वारलूला आनंदानं बसवेना. तेवढ्यात गोपालसर गाडी घेऊन दारात.

"द्या, डबा द्या."

"आत्ताच कसा देऊ? पंख वाळाचे आहेत. नऊ तरी वाजू द्या."

"अवो भाऊ, फोटोग्राफर येऊन बसला! तिथीच वाळतीन ना. तुमी या आरामात, मंडपात तुमची खुर्ची हाय."

वारलूनं डबा दिला. दीड तास थांबा म्हणायचा हक्क त्याचाच होता आणि तो त्याला वापरता आला नाही. साहेबांच्या शब्दावर पंप उचलायची एकतीस वर्षांची सवय होती. त्यानं धुतलेला पांढरा सदरा घातला आणि सीताबाईला घेऊन निघाला.

मंडपात हिरवा गालिचा, दोनशे खुर्च्या आणि कर्कश भोंगा. वारलू आधी फ्लेक्सकडे गेला. भलामोठा फ्लेक्स. वर साहेबांचा हसरा चेहरा, खाली समितीतल्या अकरा जणांचे चेहरे, आणि कोपऱ्यात दोन फुलपाखरांचे फोटो. ते दोन त्याचेच होते. अळी एकही नव्हती, अंडं नव्हतं, कोष नव्हता. नावही नव्हतं. त्यानं दोनदा वाचलं, मग सीताबाईला चष्मा लावून वाचायला लावलं.

"गोपालसर, अळ्या?"

"अवो भाऊ, समितीत चर्चा झाली," गोपालसर घाम पुसत म्हणाले. "नाश्त्याच्या वक्ताले लोकाईले अळ्या दाखवाच्या म्हंजे... किळस येते ना जी. समजून घ्या. तुमचा सत्कार आहे ना स्टेजवर. शाल, श्रीफळ, सगळं."

ज्यांना अळी चालत नाही पण फुलपाखरू हवं, ज्यांना धान हवं पण फवारणाऱ्याच्या हाताचा वास नको, त्या सगळ्या जमातीचा वारलूला त्या क्षणी मनापासून वीट आला.

"आणि डबा कुठी आहे?"

"काळजी नोका करू. साहेबाले उशीर आहे, आता एक वाजता येऊन राह्यले. तवरिक फडफड करून पंख तुटतीन म्हनून फ्रिजमंदी ठेवला. तुमीच तं सांगितलं, थंड्यात थांबते."

वारलूनं गोपालसरांकडे पाहिलं. तो माणूस खरोखरच हुशारीनं हसत होता.

नाश्त्यावाल्याचा फ्रिज कुलूपबंद होता आणि किल्ली घेऊन तो जिलेबी आणायला गेला होता. वारलू फ्रिजच्या दारापाशी उभा राहिला. अकरा वाजले, बारा वाजले. सीताबाई येऊन म्हणाली, "खुर्चीवर तं बसा." तो हलला नाही. कोषाला थंडी सोसते, कारण तो बंद असतो. आताच निघालेल्या फुलपाखराला सोसत नाही. त्याच्या पंखांत भरायचं ते पाणी जागच्या जागी बसतं आणि पंख सुकतात ते तसेच, चुरगळलेले, कायमचे. हे वारलूला ठाऊक होतं, आणि सांगायचं मात्र राहिलं होतं. युक्तीची अर्धी बढाई त्यानं मारली होती, उरलेली अर्धी गोष्ट पोटातच राहिली. कुणाला शिव्या घालाव्या? त्याला स्वतःचीच शिसारी आली.

सव्वा वाजता साहेब आले, आणि त्यांच्या मागोमाग किल्ली घेऊन नाश्त्यावालाही. हार झाले, फीत कापली गेली. डबा थेट फ्रिजमधून स्टेजवर गेला, बाहेरून घाम सुटलेला. गोपालसर माइकवर ओरडले, "आता साहेबांच्या शुभहस्ते!" फोटोग्राफर म्हणाला, "सर, वर उडवा, वर!" साहेबांनी डबा उघडून हवेत झटकला.

दोनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. वीस फुलपाखरं ओल्या कागदाच्या कपट्यांसारखी खाली पडली. काही गालिच्यावर, काही पहिल्या रांगेच्या पायांत. टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला, कारण मागच्या लोकांना वाटलं ती उडाली. एक साहेबांच्या बाहीला चिकटलं होतं. कोषातून निघाल्यावर फुलपाखरू लालसर पाणी टाकतं, तसं त्यानं टाकलं.

"ई! हे काय, रक्त?" साहेबांनी बाही झटकली आणि रुमाल मागितला.

"नाश्त्याची व्यवस्था डाव्या बाजूला आहे!" भोंगा ओरडला, आणि खुर्च्या सरकल्या.

मग वारलू हलला. तो गालिच्यावर गुडघे टेकून बसला आणि हात आडवे पसरून त्यानं गर्दी अडवली. "पाय पाहा, पाय पाहा जी!" लोक वळसा घालून गेले, कुणी हसलं. एक-दोघांना ते दिसलंच नाही. वारलू बोट पुढे करायचा, गारठलेलं फुलपाखरू हळूच त्यावर चढायचं, आणि तो त्याला आपल्या सदऱ्यावर सोडायचा, छातीवर, खांद्यावर, बाहीवर. अंगाच्या उबेनं काहींचे पाय हलू लागले. मंडपाबाहेरच्या उन्हात नेल्यावर पाच उठली, डगमगत कुंपणापलीकडे गेली. सहा पायांखाली गेली होती. उरली नऊ. नऊ जणांचे पंख चुरगळलेले, आता कधीच न उघडणारे. ती त्याच्या सदऱ्याला घट्ट धरून बसली होती, आणि सदऱ्यावर जागोजागी लाल डाग पडले होते.

"आणि आता सत्कार! वारलूभाऊ गुरनुले, लवकर मंचावर यावं!"

वारलूला जायचं नव्हतं. पण नाव भोंग्यावर दोनदा घेतलं गेलं, आणि बोलावलं की जायचं ही सवय पायांत होती. तो पायऱ्या चढला. जवळ आल्यावर साहेबांना त्याचा सदरा दिसला आणि ते अर्धं पाऊल मागे सरले. तोंडावर किळस आलीच, ती त्यांनी हसण्याखाली दडपली. फोटोग्राफर खाली बसून नेम धरत होता. साहेबांनी शाल उलगडली, जाड, तपकिरी, भरजरी काठाची, आणि ती वारलूच्या खांद्यांवर टाकायला दोन्ही हात वर केले.

वारलूनं हात जोडले नाहीत. हात पुढे करून त्यानं शाल हवेतच धरली.

"राहू द्या साहेब," तो म्हणाला. "खाली जीव आहेत."

माइक जवळच होता. ते सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. साहेब शाल धरून तसेच उभे राहिले, फोटोग्राफरनं फोटो काढला की नाही कोण जाणे. वारलू वळला आणि पायऱ्या उतरला. गोपालसर "भाऊ, भाऊ, नारळ तं घ्या" करत चार पावलं आले आणि थांबले.

घर अडीच किलोमीटरवर होतं. शेजारच्यानं गाडीवर बसा म्हटलं, वारलूनं मान हलवली. वाऱ्यानं सदऱ्यावरची फुलपाखरं उडून पडली असती. तो धानाच्या बांधाकडेनं चालत निघाला, दोन्ही कोपरं अंगापासून दूर धरून, म्हणजे बाह्या छातीला घासू नयेत. मागून सीताबाई येत होती. ऊन त्याच्या तोंडावर आलं तशी ती दोन पावलं पुढे झाली आणि आपली सावली त्याच्या सदऱ्यावर पडेल अशी उन्हाच्या बाजूनं चालू लागली.