उसना गळा

सावेरिओला तो सिनेमा बघायचाच नव्हता. पोरगा ऐन हंगामात होडी टाकून रोमला पळाला, नट झाला, तेव्हाच त्याने गावभर सांगितलं होतं की त्याचं तोंड पुन्हा बघणार नाही. आता तेच तोंड चर्चच्या सभागृहात भिंतीएवढं दिसणार म्हणून सारा गाव लोटला होता. बायकोने, कातेनाने, त्याला जवळजवळ ढकलतच आणलं.

"नुन्झियो बाहेर भिंतीपाशी उभा आहे," ती दारात म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात तर घरी येईल, नाहीतर आल्या पावली परत जाईल."

"जाऊ दे."

"आधी बघा तरी. मग काय ते बोला."

सिनेमाही नेमका बापलेकाच्या भांडणाचा. चुंबनाच्या वेळी पाद्री ऑरात्सियोंनी नेहमीप्रमाणे प्रोजेक्टरच्या भिंगापुढे टोपी धरली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. सावेरिओ ताठ बसून होता. नुन्झियो देखणा दिसत होता. कबूल करायला जीभ रेटत नव्हती, एवढंच. मग पडद्यावरचा मुलगा बापासमोर उभा राहून ओरडला, "मी तुमचाच मुलगा आहे, एकदा तरी माझ्याकडे बघा!"

बायका मुसमुसू लागल्या. सावेरिओ ताडकन उठला.

"हा कोण बोलतोय?"

"खाली बस रे, म्हाताऱ्या!" मागून कुणीतरी खेकसलं.

"तोंड माझ्या पोराचं, आवाज कुणाचा?"

"अहो, रोमचा कुणीतरी आहे," कातेना कुजबुजली. "ते लोक मागाहून दुसऱ्याचा आवाज भरतात. आपली बोली तिकडे कुणाला कळणार?"

मिसरूड फुटल्यापासून नुन्झियो डोलकाठीच्या टोकावर बसून तलवारमासा हेरायचा आणि ओरडून दिशा सांगायचा. खाली भाला घेऊन उभ्या सावेरिओला मासा दिसतही नसे. तो त्या आवाजावर भाला फेकायचा. आख्ख्या किनाऱ्यावर असा गळा नव्हता. आणि या शहाण्यांनी नेमका तोच काढून टाकला! सावेरिओचं काळीज जळलं, पोरावर नव्हे, पोरासाठी.

तो लोकांचे गुडघे तुडवत बाहेर आला. भिंतीला टेकलेला नुन्झियो सावरून उभा राहिला.

"बाबा..."

"तुझा आवाज काढून टाकताना तुला विचारलं होतं त्यांनी?"

"नाही. पहिल्या खेळालाच कळलं." नुन्झियोने मान खाली घातली. "सगळे टाळ्या वाजवत होते. मीपण वाजवल्या."

"ओरड."

"इथे? लोक काय म्हणतील?"

"ओरड म्हणतो ना!"

नुन्झियोने नव्या कोटाची बटणं सोडली, छाती भरून श्वास घेतला आणि हाक दिली, "डावीकडे, बाबा! डावीकडे! आता!"

सावेरिओचा हात आपसूक भाला फेकायला वर गेला. रिकामाच हात. क्षणभर तो तसाच राहिला, मग पोराच्या मानेवर जाऊन विसावला.

"घसा बसलाय तुझा. चल घरी."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"तोंड बघणार नाही म्हणालो होतो," सावेरिओ पुढे चालू लागत म्हणाला. "आवाजाचं काही बोललो नव्हतो."