ओल्या ॲशची पाच पोती

मी एक जुनी होडी आहे, कोळशाची. मित्रांनो, होडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे शीड, वारा, समुद्र असे काही आले असेल तर ते आधी पुसून टाका. समुद्र मी जन्मात पाहिला नाही. माझे सगळे आयुष्य बर्मिंगहॅमच्या वरच्या अंगाला एका कालव्यात गेले, आणि तो कालवाही एवढाच रुंद, की समोरून दुसरी होडी आली की दोघींनी अंग चोरून जायचे. मी सत्तर फूट लांब, सात फूट रुंद, आणि पोट कायमचे काळे. माझे नाव ब्रायनी. आता त्यातली निम्मी अक्षरे गळून पडली आहेत.

माझ्या बाजू लोखंडी पत्र्याच्या आणि तळ एल्म झाडाच्या जाड फळ्यांचा. आधी मला काठावरून घोडा ओढायचा, पुढे इंजिन आले. खाणीतला कोळसा कारखान्यांपर्यंत पोचवायचा, रिकाम्या पोटी परत यायचे, पुन्हा भरायचे. कौतुक वगैरे कुणी केले नाही, पण काम होते. मग रस्त्यांवर मोठे ट्रक आले आणि आमची गरज संपली. त्यानंतर कितीतरी वर्षे मी एका वळणावर नुसती पडून होते. बदकांनी माझ्या पोटात अंडी घातली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कचरा टाकला. कुणाला काय त्याचे!

आणि मग मॅरियन आली. पन्नाशीची बाई, हात खरखरीत, आवाज मोठा. बिस्किटांच्या कारखान्यात तिची बावीस वर्षे गेली होती आणि तो कारखाना बंद पडला होता. ती स्वतः कालव्यावरच एका छोट्या होडीत राहायची. आमच्याकडे अशी माणसे पुष्कळ आहेत. होडी हेच त्यांचे घर, आणि त्या घरात ऊब म्हणजे एक लोखंडी शेगडी आणि तिचे छपरातून वर गेलेले धुराडे. जळण संपले की जवळच्या दुकानापासून चिखलाच्या पायवाटेने पोती वाहून आणायची. म्हाताऱ्यांचे तर हालच.

"जळणच त्यांच्या दारात नेऊ या ना," मॅरियन तिच्या भावाला म्हणाली.

क्लाइव्हने माझ्या गंजलेल्या पत्र्यावर बुटाने टकटक केली. "ह्या भंगारातून? अगं, ही पहिल्या पुलापाशीच तळाला जाईल."

"तू गप्प बस आणि बादली आण."

मित्रांनो, त्या दिवशी मला फार बरे वाटले. किती वर्षांनी माझ्यापायी कुणी भांडत होते! दोघांनी मला खरवडले, डांबर दिले, हिरवा रंग लावला. माझ्या पोटात कोळशाची पोती, गॅसच्या टाक्या, डिझेलची पिंपे आणि फोडलेल्या लाकडाची पोती रचली. लाकडाच्या बाबतीत मॅरियन भारी काटेकोर होती. फोडलेले लाकूड दोन उन्हाळे पत्र्याखाली वाळलेले असेल तरच विकायचे. आणि विकताना प्रत्येक पोत्यातली दोन लाकडे काढून गिऱ्हाइकासमोर एकमेकांवर आपटायची. वाळलेले लाकूड टणकन वाजते, ओले थपकन. "ऐका," ती म्हणायची, "आणि मगच घ्या."

पहिल्या फेरीत एकानेही काही घेतले नाही. आमची माणसे तशीच, नव्या माणसाला आधी वर्षभर नुसते बघतील. शेवटी वॅगटेल नावाच्या होडीतून एक म्हातारा बाहेर आला. त्याचे नाव सिरिल टॉली, वय ऐंशीला टेकलेले, बायको जाऊन बरीच वर्षे झालेली.

"कोळसा आहे का नुसते काळे दगड?" त्याने विचारले.

"जाळून बघा की, काका. नाही पेटला तर फेकून मारा मला."

"मारीन. नेम चांगला आहे माझा."

त्याने दोन पोती घेतली. दोन लाकडे स्वतःच्या हाताने कानाशी आपटून पाहिली. आणि पुढच्या फेरीपर्यंत अख्ख्या कालव्याला सांगून ठेवले, की त्या मोठ्या आवाजाच्या बाईचे लाकूड खणखणीत आहे. झाले, धंदा सुरू झाला. तो पूर्ण हिवाळा मी दर आठवड्याला फेरी मारली. धुराड्यांतून निघणारा धूर पाहून मला वाटायचे, ह्यात थोडे माझेही आहे. टॉली तर आम्ही आलो की चहाची किटलीच शेगडीवर ठेवायचा. फेब्रुवारीनंतर त्याने लाकडे आपटून पाहणेही सोडून दिले. "तुझं काय तपासायचं पोरी," तो म्हणायचा, "टाक छपरावर."

दुसरा हिवाळा मात्र वाईट आला. नोव्हेंबरातच पाणी गोठू लागले. त्यात खालच्या अंगाचे, होड्यांना पुढे सोडणारे पाण्याचे दरवाजे दुरुस्तीसाठी बंद केले, त्यामुळे तीसेक होड्या आमच्याच पट्ट्यात अडकून पडल्या. सगळ्यांना जळण हवे, आणि रोज हवे. नाताळाच्या आधीच आमचे वाळलेले लाकूड संपले.

धक्क्यामागे ऑक्टोबरच्या वादळात ॲशचे मोठे झाड पडले होते. क्लाइव्हने ते कापून, फोडून ठेवले होते, पुढच्या पुढच्या वर्षासाठी. आता तो म्हणाला, "हेच भरू या."

"तीन महिनेसुद्धा झाले नाहीत त्याला," मॅरियन म्हणाली.

"ॲश आहे गं! ॲश ओलं असलं तरी जळतं. आपले आजोबा हेच जाळायचे."

तसे आमच्याकडे सगळेच मानतात. बाकीची झाडे वाळवायची, पण ॲश तोडल्या दिवशीही शेगडीत चालते, असा कालव्यावरचा जुना समज. आणि ते पेटते, हे खोटे नाही. पण पेटणे वेगळे आणि नीट जळणे वेगळे. त्यातल्या पाण्याची वाफ होते, तिच्याबरोबर चिकट काळा डांबरासारखा थर धुराड्यात आतून बसत जातो. मॅरियनला हे माहीत होते.

"लोकांना काय सांगू? थंडीत बसा म्हणून?" ती शेवटी म्हणाली. "भर."

मित्रांनो, एक गोष्ट मी आजवर मनात ठेवली आहे. त्यांनी पोती भरली तसतशी मी खाली बसत गेले. नेहमीइतकीच पोती, पण मी नेहमीपेक्षा चार बोटे जास्त बुडाले. ओल्या लाकडाचे वजन होते ते, लाकडाच्या पोटातले पाणी. माझ्याइतके नक्की ते कुणालाच कळले नव्हते.

क्लाइव्हच्या लक्षात आले. "आज ही खाली बसलीय."

"कोळसा जास्त घेतलाय," मॅरियन म्हणाली, आणि तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

कोळसा जास्त नव्हता हो! मी ओरडून सांगितले असते, पण होडीचा आवाज म्हणजे फळ्यांची करकर, ती कोण ऐकतो?

त्या फेरीत मॅरियनने लाकडे आपटून दाखवली नाहीत. कुणी विचारलेही नाही. टॉलीच्या वॅगटेलवर पाच पोती चढवली. तो खोकत होता, दारातूनच म्हणाला, "देव तुझं भलं करो. कालपासून चहासुद्धा गार पितोय."

"थोडं ओलसर आहे, काका. कोळशाबरोबर जाळा."

"तू दिलंस ना? मग झालं."

बर्फामुळे पुढची फेरी बारा दिवसांनी निघाली. वॅगटेलच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. मॅरियनने हाक मारली, दोनदा, तीनदा. मग उडी मारून दार ढकलले. आत टॉली खुर्चीत बसलेला होता, अंगावर दोन कोट, चेहरा विचित्र लालसर. श्वास चालू होता, पण अगदी बारीक. धुराडे आतून काळ्या थराने गच्च बुजले होते. धूर आणि विषारी वायू बाहेर जायच्या ऐवजी खोलीत उतरले होते.

तो वाचला. म्हणजे, लोक तसे म्हणतात. इस्पितळातून त्याला होडीवर परत येता आले नाही. एका वृद्धाश्रमात ठेवले. वॅगटेल विकली गेली.

क्लाइव्ह बहिणीची समजूत काढत होता, माझ्या पुढच्या टोकावर बसून. "त्याच्याकडे विषारी वायू साचला की वाजणारी घंटा होती गं. तिचे सेल काढून त्याने रेडिओत घातले होते. तुझा काय दोष?"

मॅरियन दुसऱ्या दिवशी हातगाडी घेऊन पायी निघाली आणि एकेका होडीवर जाऊन ॲशची उरलेली सगळी पोती परत घेऊन आली. "माझी चूक झाली," एवढेच प्रत्येक दारात म्हणाली. कुणी तिला वाईट बोलले नाही. त्याचा तिला जास्तच त्रास झाला असावा.

मग ती टॉलीला भेटायला गेली. परतल्यावर तिने क्लाइव्हला सांगितले, ते मी ऐकले. टॉलीला बरेच काही आठवत नव्हते. आपण अजून होडीतच आहोत असे त्याला वाटत होते, कुठल्या पुलापाशी आलो म्हणून तो विचारत होता. पण मॅरियनला पाहताच त्याचा चेहरा उजळला. त्याने परिचारिकेचा हात धरून तिला सांगितले, "ही आमची जळणवाली. हिच्यासारखं कोरडं लाकूड अख्ख्या कालव्यावर कुणी देत नाही."

मॅरियन एवढे सांगून माझ्या काठावर बसली आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडली. इतक्या मोठ्या आवाजाची बाई, पण रडताना तिचा आवाजच निघाला नाही. त्यानंतर तिने मला पुन्हा कधी भरले नाही.

आता मी लव्हाळ्यांत पडून आहे. तळाची एक फळी कुजली आहे, पाणी रोज थोडे वर येते. मला कुणी दुरुस्त करावे असे मागणे मी मागत नाही, मित्रांनो. मी पुष्कळ जगले. पण तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारे कुणी असेल, तर त्याला द्यायची वस्तू तुम्ही दोनदा तपासा, कारण तो तपासणार नाही. आणि जवळपास कुणी एकटे म्हातारे माणूस थंडीत राहत असेल, तर बारा दिवस थांबू नका. आजच जाऊन हाक मारा. तुम्हाला पाय आहेत.