फुलांवाचून मागणी

माघातली सकाळ सातपुड्याच्या निळसर रांगेवरून उतरली आणि दहिवरानं ओलावलेले बांध ओलांडत संत्र्याच्या बागेत आली. सोनसळी ऊन, मंद वारा, निरभ्र आकाश. आणि त्या उन्हात ओळींमागून ओळी, तांबूस कोवळ्या पालवीनं नखशिखान्त नटलेली झाडं. परका कुणी पाहता तर म्हणता, काय भाग्यवान माणूस आहे या बागेचा धनी. धनी शालिक मात्र गुडघाभर चिखलात, हातातल्या फावड्यावर कपाळ टेकून उभा होता.

फूल नव्हतं. एवढ्या विस्तीर्ण हिरव्या वैभवात एकाही फांदीला फूल नव्हतं. शुभ्रता नव्हती, सुगंध नव्हता, मधमाश्यांचा गुंजारव नव्हता. नुसती नवती फुटली होती. पानं, पानं आणि पानं. याच फुलांच्या भरवशावर शालिकनं वच्छलाला लग्नाचं विचारायचं ठरवलं होतं, आणि आज तिचा भाऊ तिला कायमचं न्यायला येणार होता.

वच्छला कलमं बांधणारी. संत्र्याचा इवलासा डोळा काढून जंबेरी लिंबाच्या रोपावर बसवावा, पट्टीनं अलगद बांधावा, आणि परक्या खोडात त्यानं जीव धरावा, असं तिच्या सावळ्या, चपळ बोटांचं कसब. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, सासरच्यांनी हात वर केले, तेव्हा शालिकच्या बागेला लागून जमिनीचा तुकडा घेऊन ती स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली. मधला बांध कुणी आधी ओलांडला हे आता दोघांनाही आठवत नाही. दहा-बारा वर्षं झाली, ती एकमेकांची आहेत. गावाला ठाऊक होतं. गावाला कुठली गोष्ट ठाऊक नसते. गाव वाट पाहत होतं, आणि वच्छलाही.

आणि शालिक? शालिक वाट पाहायला लावत होता. आधी म्हणाला, आईला हे सोसायचं नाही. आई गेली. मग म्हणाला, धाकट्या बहिणीचं उरकू दे. धाकटी नांदायला गेली, तिची लेकरं शाळेत जाऊ लागली. कारणं सरली तेव्हा बहार हाताशी आला. हा बहार उतरू दे, वच्छे. बस, एवढा एक बहार उतरू दे. बहार उतरत गेले, संत्र्यांचे ट्रक भरत गेले, आणि तिच्या कानशिलावरचे केस रुपेरी होत गेले. प्रेम आभाळाएवढं आणि छाती वाटाण्याएवढी, असा हा माणूस. त्याचा राग यावा आणि कीवही यावी.

मार्गशीर्षात बाग ताणावर होती. अंबिया बहार, म्हणजे माघ-फाल्गुनातली फुलं, घ्यायचा तर बागेचं पाणी तोडावं लागतं. झाड तहानेनं कासावीस होतं, पानं मलूल होतात, भुई तडकते. आणि ताण पुरा झाल्यावर पाणी सोडलं की सारी तृषा फुलं होऊन उमलते. अशाच एका रखरखीत दुपारी वच्छला बांधावर येऊन उभी राहिली.

"शिवरात्र झाली का दादा न्यायले येते," ती म्हणाली. "सौंसरले दादाकडं चालली मी आता. तिकडंच कलमं बांधीन."

ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून शालिकचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. त्यानं बेत रचला. शिवरात्रीला बाग शुभ्र होईल, मधल्या ओळीत तिला न्यायचं, माथ्यावर फुलं, पायाशी फुलं, श्वासात फुलं, आणि मग विचारायचं. काय विचारायचं ते तो झाडांना म्हणून दाखवी. झाडं बिचारी तहानेनं अर्धमेली, ती काय ऐकणार. पण ताण पुरा केला असता तर फुलं फाल्गुनात आली असती, ती गेल्यावर. म्हणून जन्मभर उशीर करत आलेल्या माणसानं एकदाच घाई केली. ताण अर्ध्यावर असताना त्यानं पाण्याची मोटर सुरू केली. पाणी खळाळत दांडातून आळ्याआळ्यांत शिरलं, झाडं घटाघटा प्यायली, आणि अर्ध्या तहानेला फुलं आलीच नाहीत. वर्षाचं पीक बुडालं, आणि बेतही बुडाला.

आज ती निरोप घ्यायला आली. ओळींवरून तिची नजर सावकाश फिरली. कलमं बांधणाऱ्या बाईला झाडाबद्दल काही समजावून सांगावं लागत नाही.

"ताण काऊन तोडला लवकर?"

"फुलं पाह्यजे होती," तो चिखलाकडे पाहत म्हणाला. "तुले विचाराचं होतं. फुलांत. आता कोन्त्या तोंडानं विचारू?"

वच्छलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आवाजात मात्र नव्हतं.

"फुलं आली असती तं तू म्हनला असता, हा बहार उतरू दे. यंदा उतराले काहीच नाही, शालिक. आता कोन्ता बहार सांगशीन?"

रस्त्यावरून भावाच्या जीपचा हॉर्न वाजला. ती वळली आणि बागेबाहेर निघाली.

तो उभा राहिला. ऊन वाढत होतं, मोटरचं पाणी वाहत होतं, आणि त्याच्यापाशी एकही सबब उरली नव्हती. आई नव्हती, बहीण नव्हती, बहार नव्हता. होती फक्त भीती, आणि तीही आता उघडी पडली होती. ती जाणार. उद्या बांधापलीकडे तिची हालचाल नसेल, परवा नसेल, कधीच नसेल. फावडं टाकून तो धावत सुटला, फांद्यांचे ओरखडे घेत, ठेचकाळत, धापा टाकत.

चहाच्या टपरीसमोर जीप उभी होती. कलमांचे गठ्ठे, पत्र्याची पेटी आणि पुढे भावाशेजारी ती. टपरीवर निम्मं गाव. चिखलानं माखलेला शालिक जीपच्या आडवा उभा राहिला.

"रघुनाथभाऊ, मले वच्छलाले मागनी घालाची हाय."

शब्द फुटले, पण आवाज फाटला. टपरीवरचे पेले हातातल्या हातात राहिले.

रघुनाथनं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मागनी रस्त्यावर घालते काय कोनी? घरी येऊन घालतेत लोकं."

"मंग बस मागं, शालिक," वच्छला म्हणाली. चारचौघांत आजवर ती त्याला शालिकभाऊच म्हणत आली होती. त्यातला ‘भाऊ’ तिनं सगळ्यांदेखत गाळला. "घरी येऊन घाल."

शालिकच्या ओठांवर आलं, बागेत पाण्याची मोटर सुरू आहे. ओठांवर आलं, आणि त्यानं ते गिळलं. तो कलमांच्या गठ्ठ्यांत अंग चोरून बसला. जीप धूळ उडवत निघाली. मागे पाणी आळ्यांतून भरभरून वर आलं, दांडावरून सांडलं, बांध ओलांडून रस्त्यावर उतरलं. आणि ते वळवायला आज बागेत कुणी नव्हतं.