झुल्मिराचं लिस्बन

इदालिनाच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन लिस्बनला करायचं ठरलं, तेव्हा सोबत कोण जाणार हा प्रश्न घरात निघालाच नाही. नवरा जर्मानु गाई सोडून हलणार नव्हता, आणि झुल्मिरा होतीच. झुल्मिरा म्हणजे जर्मानुची थोरली बहीण, त्रेसष्ट वर्षांची, विधवा, तीन घरं पलीकडे राहणारी. सोळाव्या वर्षी ती लिस्बनला एका बड्या घरी कामाला गेली आणि दोन वर्षांनी आई आजारी पडली म्हणून परत आली. त्या दोन वर्षांच्या भांडवलावर पुढची पंचेचाळीस वर्षं तिने भर अटलांटिकातल्या पिको बेटावर तोरा मिरवला होता.

कुणी पाव जाड कापला की ती म्हणायची, "लिस्बनला असा नाही कापत." कुणाची पोर नवे बूट घालून चर्चमध्ये आली की, "बरे आहेत, पण लिस्बनला असले पाच वर्षांपूर्वीच गेले." गावातल्या पोराबाळांना तिने नदीतल्या बुरुजाची गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की ती त्यांना पाठ होती. पाण्याच्या मधोमध उभा असलेला पांढरा बुरूज, तिथे घेऊन जाणारा लाल टोपीचा होडीवाला, आणि दर रविवारी तो झुल्मिराकडून पैसेच घ्यायचा नाही! इदालिनाच्या वाट्याला मात्र गोष्टींऐवजी टोमणे यायचे. "तुला काय सांगायचं बाई. तू बेटाबाहेर पाय कधी टाकलायस?"

इदालिना छत्तीस वर्षं हे ऐकत होती. उत्तर द्यावं असं तिला पहिली दहा वर्षं वाटलं, नंतर वाटेनासं झालं.

लिस्बनमध्ये ऑपरेशन सुरळीत झालं. विमानतळ, टॅक्सी, हॉस्पिटल, आणि हॉस्पिटलसमोरच्या लॉजवरची खोली. आठवडाभर रस्ता ओलांडण्यापलीकडे कुठे जायची वेळच आली नाही. दर चार तासांनी झुल्मिरा डोळ्यात थेंब घालायची. हात स्थिर होता, आणि वेळ एकदाही चुकली नाही. परत जायच्या दिवशी सकाळी दोघी बॅगा घेऊन विमानतळावर पोचल्या, तर काउंटरवरची मुलगी मान हलवत म्हणाली, "पिकोवर धुकं उतरलंय. विमान रद्द. उद्या बघू."

काचेबाहेर लखलखीत ऊन पडलं होतं. इदालिनाने घरी फोन लावला.

"धुकं आहे म्हणतात, खरं का?"

"धुकं?" जर्मानु ओरडला. "मघापासून गाय शोधतोय. हंबरतेय, पण दिसत नाहीये. डोंगर राहू दे, मला आपलं कुंपण दिसत नाहीये! तुम्ही दोघी मजा करा तिकडे. ताई आहे ना दाखवायला."

लॉजवर परतल्यावर इदालिना पलंगाच्या कडेवर बसली. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा उघडा. खिडकीतून हॉस्पिटलची मागची भिंत दिसत होती. आठ दिवस तीच भिंत.

"वन्सं," ती म्हणाली, "चला, तुमचं लिस्बन दाखवा आज."

झुल्मिरा बॅगेतले कपडे परत कपाटात लावत होती. "डोळ्याला वारा लागेल."

"डॉक्टर म्हणाले फिरा म्हणून. तुमच्यासमोर म्हणाले."

"ऊन किती आहे बघ."

"टोपी घालते."

झुल्मिराने पर्स काखेत मारली आणि रस्त्यावर येताच मान ताठ केली. "अठ्ठावीस नंबरची ट्राम. किल्ल्यावर जाते. दर रविवारचा माझा रस्ता."

ट्राम आली. पिवळी, छोटी, माणसांनी ठासून भरलेली. दोघी कशाबशा आत शिरल्या. ट्राम चढ चढली, उतरली, वळली, घरांच्या भिंती हाताला लागतील इतक्या जवळून गेली. किल्ला काही येईना. एका वळणावर मोठा पांढरा घुमट दिसला तेव्हा झुल्मिरा एकदम बोलली, "ते श्त्रेलाचं देऊळ. डाव्या हाताला तिसरा बाक. रविवारी सातची प्रार्थना, थंडीत फरशी बर्फासारखी." एवढंच. लिस्बनला हे असं असतं, तसं असतं, असं काही ती म्हणाली नाही. इदालिनाला त्याचं किंचित नवल वाटलं.

पुढे ट्राम थांबली, सगळे उतरले. समोर एक मोठं फाटक होतं आणि फाटकाच्या आत नजर पोचेल तिथवर थडगी.

"किल्ला कुठाय?" इदालिनाने विचारलं.

"मार्ग बदललेला दिसतोय यांनी."

ट्रामचा चालक सिगारेट पेटवायला खाली उतरला होता. "मार्ग? बाई, माझा आजा ही ट्राम चालवायचा तेव्हापासून ती या कब्रस्तानाशीच संपते. किल्ला त्या टोकाला. उलट्या बाजूने बसलात तुम्ही."

"आम्हाला आधी इथेच यायचं होतं," झुल्मिरा ताडकन म्हणाली.

"या की. इथे आलेल्यांची अजून कुणाची तक्रार नाही," चालक म्हणाला.

इदालिनाला हसू फुटलं; तिने ते खोकल्यात घालवलं. दोघींनी फाटकाशेजारच्या टपरीवर डुकराच्या मांसाचे पाव खाल्ले आणि त्याच ट्रामने परत आल्या. संध्याकाळी झुल्मिराचे पाय सुजले होते, म्हणून किल्ला राहिला.

दुसऱ्या दिवशीही पिकोवर धुकं होतं. काउंटरवरच्या मुलीने त्यांना लांबूनच पाहून मान हलवली.

"आज तुमचा नदीतला बुरूज बघू, बेलेमचा," इदालिना म्हणाली. "होडीवाला आहे का बघू तुमचा."

"मेला असेल तो."

"त्याचा मुलगा असेल."

या वेळी इदालिनानेच लॉजवाल्या बाईला विचारून ट्रामचा नंबर कागदावर लिहून घेतला. नदीकाठाने ट्राम निघाली. लाल पूल डोक्यावरून गेला. उतरल्यावर रेल्वेचे रूळ ओलांडले, बाग ओलांडली, आणि समोर बुरूज उभा राहिला.

पांढरा होता. सुंदरही होता. पण तो पाण्याच्या मधोमध नव्हता. काठाला लागून होता, आणि काठापासून त्याच्या दारापर्यंत एक लाकडी साकव होता. त्यावर टोप्या घातलेले, छत्र्या धरलेले तीस-चाळीस लोक रांगेत उभे होते. ओहोटी होती. बुरुजाच्या पायाशी ओली वाळू उघडी पडली होती आणि एक कुत्रा तिच्यावर आरामात हिंडत होता.

इदालिना एका डोळ्याने बघत राहिली. छत्तीस वर्षांचे टोमणे तिच्या जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. वाक्यंही तयार होती; एकापेक्षा एक चांगली. गावात जाऊन नुसतं एवढं सांगितलं असतं की होडी लागतच नाही, कुत्रासुद्धा चालत जातो, तरी झुल्मिराला चर्चमध्ये तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

तिने वळून पाहिलं. झुल्मिरा पायऱ्यांवर बसली होती. बुरुजाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. जत्रेत प्रथमच आलेल्या माणसासारखी ती बघत होती, तोंड किंचित उघडं टाकून.

इदालिना तिच्याशेजारी बसली.

"बिस्किटांचा डबा होता," झुल्मिरा म्हणाली. "पत्र्याचा. बाईसाहेबांच्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर. त्याच्यावर हे चित्र होतं. चहूबाजूंनी पाणी, शेजारी होडी, होडीत माणूस. दुसऱ्या बाजूला किल्ला, झाकणावर ट्राम."

"आणि तुम्ही?"

"मी काय? जहाजातून उतरले ती मोटारीत बसले, मोटारीतून उतरले ती स्वयंपाकघरात. किल्ली बाईसाहेबांच्या कमरेला. बेटावरच्या पोरी शहरात बिघडतात, असं त्यांचं मत. रविवारी सकाळी देवळात न्यायच्या आणि आणायच्या. दोन वर्षं."

"एकदाही नाही?"

"एकदा बाईसाहेब आजारी होत्या. डॉक्टरकडे चिठ्ठी घेऊन मला एकटीला पाठवलं. कोपऱ्यापर्यंत गेले आणि रस्ता चुकायच्या भीतीने परत आले. चिठ्ठी माळ्याच्या हाती दिली." ती थांबली. "दार उघडं होतं त्या दिवशी. ते जास्त लागतं मनाला."

इदालिनाने घड्याळ पाहिलं. थेंबांची वेळ झाली होती. तिने पट्टी सोडवली, मान मागे टाकली आणि झुल्मिराने पर्समधून बाटली काढून थेंब घातला. आजही हात हलला नाही.

"परत आल्यावर सगळे विचारायला लागले, लिस्बन कसं आहे, लिस्बन कसं आहे," झुल्मिरा म्हणाली. "काय सांगणार? भांडी घासली? एक गोष्ट सांगितली. मग दुसरी सांगावी लागली. तुला हसायचं असेल तर हस."

"मला नाही हसू येत," इदालिना म्हणाली. आणि ते खरं होतं. रागही येत नव्हता, याचंच तिला आश्चर्य वाटत होतं. छत्तीस वर्षं जिचा दरारा वाटला, ती बाई आपल्याइतकंच जग पाहिलेली निघाली, आणि त्यामुळे काही मोठं झालं नाही, काही लहान झालं नाही. "रांगेत उभं राहायचं का?"

दोघी रांगेत उभ्या राहिल्या. बुरुजाच्या आतला जिना इतका चिंचोळा होता की वरून येणाऱ्यांसाठी भिंतीला चिकटून थांबावं लागत होतं. अर्ध्या जिन्यात इदालिना दमली. "मी इथे बसते, तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. झुल्मिरा गेली, आणि चांगला पाऊण तास आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी धुकं उठलं. विमानतळावर अडकलेल्यांची झुंबड होती. विमान एक आणि माणसं दोन विमानांची. काउंटरवरच्या मुलीने पेशंट म्हणून इदालिनाचं नाव आधी घेतलं. "आणि सोबतच्या बाई."

"सोबतची बाई येत नाही," झुल्मिरा म्हणाली. "माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. मी नंतर येईन."

"वन्सं!"

"ओरडू नकोस. लोक बघतायत."

"लॉजवर एकट्या राहणार? रस्ता चुकलात म्हणजे?"

"चुकेन. विचारेन कुणाला तरी. पोर्तुगीजच बोलतात ना इथे?" तिने पर्समधून थेंबांची बाटली काढून इदालिनाच्या हातात कोंबली. "बाराला एक, चारला एक. जर्मानुला घालायला सांग, पण आधी हात धुवायला लाव. गाईंना लागलेले हात असतात त्याचे."

"किती दिवस?"

"ते मला काय माहीत?"

झुल्मिराची जागा काळा कोट घातलेल्या एका म्हाताऱ्याला मिळाली. भावाच्या अंत्यविधीला निघालेला आणि दोन दिवस तिथेच बाकावर बसलेला. त्याने झुल्मिराचा हात दोन्ही हातांत धरला. तिने तो घाईघाईने सोडवून घेतला. इदालिनाने आत जाताना मागे वळून पाहिलं, तर झुल्मिरा बाहेरच्या दाराकडे निघालीसुद्धा होती, बॅग ओढत, जरा वेडंवाकडं चालत.

पिकोवर जर्मानु ट्रक घेऊन आला होता. "ताई कुठाय?"

"लिस्बन बघतेय."

"तिचं तर सगळं बघून झालंय."

"परत एकदा बघते म्हणाली," इदालिना म्हणाली आणि ट्रकमध्ये चढून बसली.

गावानेही तेच विचारलं आणि गावालाही तिने तेच सांगितलं. जर्मानु हात धुवून थेंब घालायचा, पण निम्मे गालावरच पडायचे.

झुल्मिरा सहा दिवसांनी आली. चार दिवस तिने आपणहून घेतले, दोन पुन्हा उतरलेल्या धुक्याने. नाक उन्हाने सोललं होतं, पायात नवे कापडी बूट होते, आणि टाचांना दोन्हीकडे पट्ट्या लावलेल्या होत्या. इदालिना अंगणात दुधाचे कॅन विसळत होती. ती हात पुसत पुढे आली.

"काय काय पाहिलंत?"

झुल्मिरा दगडी कुंपणावर टेकली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"चढ फार आहेत त्या गावात," ती म्हणाली. "पाणी दे थोडं."