पाव फेरा

व्हॅनताईंच्या गाडीत अकरा पोरं बसतात आणि अकराही एकाच वेळी बोलतात. म्हणून त्या सकाळी पुढच्या बाकावरची चिमुरडी "ताई, आपलं चाक नाचतंय" म्हणाली, तेव्हा ताईंनी "नाचू दे, तू खाली बस" एवढंच उत्तर दिलं. मग स्टिअरिंगही थरथरू लागलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि उतरून पाहिलं. पुढच्या डाव्या चाकाचा एक नट गायब होता, बाकीचे तिन्ही नट नुसत्या बोटांनी फिरत होते.

पोरांना फुटपाथवर ओळीत उभं करून त्यांनी तिन्ही नट आवळले आणि गोगलगायीच्या चालीने शाळा गाठली. कुणाला काही झालं नाही. झालं असतं, एवढंच.

ब्रेकच्या कामासाठी चारही चाकं परवाच मिस्त्रींनी काढून बसवली होती. आणि मिस्त्री म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. ताईंच्या नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त. नवरा गेला तेव्हा "वहिनी, गाडी विकू नका, चालवा" असं सांगून क्लच कधी सोडायचा ते शिकवणारा. एकोणीस वर्षांत ताईंनी दुसऱ्या कुणाला बॉनेटला हात लावू दिला नव्हता. अशा माणसाला बोलायचं तरी कसं? आणि न बोलावं, तर उद्या सव्वासातला ती अकरा पोरं पुन्हा दारात उभी.

पोरांच्या परतीला दुसरी व्हॅन सांगून त्या संध्याकाळी गॅरेजात गेल्या. मिस्त्री एका गाडीखाली होते, नुसते पाय दिसत होते.

"भावजी, चाक सुटत होतं."

पाय थांबले. "कुणाचं?"

"माझं."

"तुमचं मी आवळलंय, वहिनी."

"म्हणून तर इथे आले."

मिस्त्री उजवा खांदा सांभाळत बाहेर आले. जिन्यावरून पडल्यापासून तो खांदा धरला होता. कुणी विचारलं की ते "ठणठणीत" म्हणायचे. त्यांनी नटाची रिकामी जागा पाहिली, रस्त्यांच्या नावाने बोटं मोडली, नट बनवणाऱ्यांचा उद्धार केला आणि शेवटी ताईंवर आले.

"तुम्ही दिसेल त्या खड्ड्यात गाडी घालता, त्याला मी काय करू?"

"खड्डे एकोणीस वर्षं तेच आहेत, भावजी. नट आत्ता सुटले."

नवा नट लावून मिस्त्री चाक आवळायला बसले. त्यांची पद्धत ठरलेली. पान्याचा लांब दांडा धरायचा, हात नको म्हणेपर्यंत रेटायचा आणि वर एक "हं" काढायचा. "हं" आला की नट बसला. दुसरं माप त्यांच्याकडे नव्हतं आणि कधी लागलंही नव्हतं. अर्ध्या गावाची चाकं त्या "हं"वर फिरत होती.

"हं! घ्या. आता हत्ती बांधा याला."

ताईंनी पाना मागून घेतला. मनातून त्यांना वाटत होतं, नट फिरू नये. त्यांनी अंगाचा भार टाकला. नट पाव फेरा फिरला. दुसराही. तिसऱ्या वेळी त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलंच नाही. चारही चाकांचं तेच झालं. मिस्त्रींचा हात पूर्वीसारखाच प्रामाणिकपणे "बस" म्हणत होता, फक्त आता जरा लवकर म्हणत होता. खांद्याने मालकाला कळवलं नव्हतं.

मिस्त्रींनी हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"या आठवड्यात आणखी तीन गाड्या गेल्यात माझ्या हातून."

"फोन करा त्यांना."

"फोनवर काय सांगू? चला. पाना तुम्हीच घ्या."

पहिली गाडी लाँड्रीवाल्याची. "काय मिस्त्री, वहिनींना कामाला ठेवलंत?"

"माझा हात ढिला पडलाय," मिस्त्री सरळ म्हणाले. "चाकं त्या तपासतायत. आणि मला ठेवायचं की नाही, तेही त्याच ठरवतायत."

लाँड्रीवाला हसला. ताई हसल्या नाहीत. नट पाव फेरा फिरले. रंगाऱ्याच्या टेम्पोचेही फिरले. तिसरी गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. तिथे ताई दांड्यावर जवळजवळ लोंबकळल्या, पण एकही नट तसूभर हलला नाही.

"हे कधी केलंत?"

मिस्त्रींनी आठवून पाहिलं. "सकाळी. दार उघडल्या उघडल्या. बाकीची संध्याकाळची." आणि मग हळूच, "संध्याकाळी दुखतो."

"ठणठणीत दुखतो," ताई म्हणाल्या. "यापुढे माझी गाडी सकाळीच घ्यायची. आणि तुमचा 'हं' झाला की मी आवळून बघणार. दर वेळी."

आपल्यामागे गिऱ्हाइकाने पाना चालवायचा, हे मिस्त्रींनी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नसतं. त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या चाकाचा नट अंगठ्याने चाचपून पाहिला.

"ब्रेकही माझ्याच हातचे आहेत, वहिनी. तेही उघडून बघावे लागतील," ते म्हणाले. "उद्या पहाटे पाचला या. सव्वासातला पोरं असतात तुमची."