उरलेल्या काड्यांचा कौल

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिनं मला दोन्ही हातांनी उचललं, आणि तिथून माझा जीव टांगणीला लागला.

मी कौलाचा नळा बोलतोय. बांबूचा, हातभर उंच, तळाशी बंद. माझ्या पोटात काड्या असतात. प्रत्येक काडीवर आकडा, प्रत्येक आकड्याचं एक उत्तर. मनात प्रश्न धरायचा, मला तिरपं करून खुळखुळवायचं, जी काडी उडी मारून बाहेर पडेल तो तुमचा कौल.

माझा जन्म चीनमधल्या एका देवळाच्या मागच्या अंगणात झाला. एका म्हाताऱ्या कारागिरानं मला धुरावर धरून पक्कं केलं. मग माणसं येत गेली. कुणाचा नवरा समुद्रावर, कुणाचं पोर अंथरुणावर. घामेजल्या तळव्यांनी मला इतकं धरलं, की माझी पाठ गुळगुळीत झाली. पुढे देऊळ बंद पडलं, मी जुन्या बाजारात धूळ खात पडलो आणि शेवटी या अभ्यासकेंद्रात आलो.

इथे मला कुणी प्रश्न विचारत नाही, माझ्याविषयी विचारतात. चीनमध्ये आणि युरोपात माणसं नशिबाचा ठाव कसा घेत आली, याचा इथे अभ्यास चालतो. माझ्या शेजारी युरोपातलं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात कागदाची चकती आहे, ती फिरवली की बाण एका उत्तरापाशी थांबतो. आम्ही दोघं जगाच्या दोन टोकांचे, पण लोकांनी आम्हाला विचारलेले प्रश्न मात्र तेच निघाले. पोर वाचेल का? तो परत येईल का?

इथल्या मुख्य बाईंना सगळे पाठीमागे पुरावाबाई म्हणतात. चहा संपला म्हटलं, तरी बाई किटलीचं झाकण उघडून बघणार. त्या दिवशी त्यांनी माझ्यातल्या सगळ्या अशुभ काड्या ट्रेमध्ये काढल्या आणि पलीकडच्या खोलीत नेल्या. पुस्तकातली वाईट उत्तरं आणि माझी वाईट उत्तरं त्यांना शेजारी शेजारी मांडायची होती. चांगल्या तेवढ्या माझ्यातच राहिल्या.

आणि नेमकी तेव्हाच ती आली. आम्हा वस्तूंना चिठ्ठ्या चिकटवणारी मुलगी. तिची लेक अजून रांगतही नव्हती. सासूजवळ ठेवून कामावर यायची. येते न येते तोच सासूचा फोन आला.

"अगं, पोरगी दूध घेईना. ताप आहेच. सकाळपासून नुसती पडून आहे. नेऊ का डॉक्टरकडे?"

"आई, परवाच नेलं होतं ना. काही नाही म्हणाले. तुम्ही आया उगाच घाबरता म्हणून हसलेसुद्धा."

"मग काय करू? लवकर सांग बाई."

"थांबा जरा. सांगते."

तिचा स्वतःच्या भीतीवर भरवसा उरला नव्हता. म्हणून तिनं मला उचललं.

काडी पडली. तिनं आकडा बघितला. उत्तरांच्या चिठ्ठ्या तिनंच लावलेल्या, पाठच होत्या. 'वारा पडेल, नाव आपोआप काठाला लागेल. घाई नको.' तिनं परत खुळखुळवलं. परत शुभ. आणखी एकदा. परत शुभ.

मी आतल्या आत ओरडत होतो, "अगं, माझं पोट अर्धं रिकामं आहे! हाताला हलकं लागत नाही का?" पण आम्हाला कुठली जीभ? तिचे आखडलेले खांदे सैल पडताना बघून तर मला धडकीच भरली.

"आई, राहू दे," ती फोनवर म्हणाली. "मी संध्याकाळी येते, मग बघू."

ती गोंद घेऊन बसली. चिठ्ठी वाकडी लागत होती. काढायची, पुन्हा लावायची. घड्याळ कुणासाठी थांबत नव्हतं.

तेवढ्यात बाई ट्रे घेऊन आत आल्या.

"काय गं, चिठ्ठी उलटी लावलीस. लक्ष कुठाय तुझं?"

"लेकीला बरं नाही. पण कौल चांगला आला, बाई. तिन्ही वेळा!"

"कशातून?"

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी ट्रे पुढे केला.

"वाईट सगळ्या इथे आहेत, बाळा. त्यातून वाईट येणार कुठून?"

तिनं झटकन फोन उचलला.

"पोरीचा लंगोट शेवटचा कधी ओला झाला?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"विचार. आत्ता!"

पलीकडून सासूचा आवाज आला, "सकाळपासून कोरडाच आहे की. मी म्हटलं, चला, तेवढंच धुणं वाचलं."

बाईंनी ट्रे कसाबसा फळीवर टेकवला. "चल, गाडी काढते. त्यांना म्हणावं, पोरीला घेऊन दारात उभ्या राहा."

दार धाडकन लागलं. मागे मी आणि ते पुस्तक. दुसऱ्या दिवशीही कुणी फिरकलं नाही. शेजारची चकती फिरवून बघावी, असं क्षणभर मलाही वाटून गेलं.

मग एका सकाळी ती आली, लेकीला कडेवर घेऊन. "अंगातलं पाणी आटलं होतं, सलाईन लावावं लागलं, बाई. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं."

बाई काही बोलणार, तोच पोरीनं ट्रेमधली एक काडी उचलून तोंडात घातली.

"अगंबाई, सगळ्यांत वाईट काडी ती!" आई किंचाळली.

"वाईट असू दे, जुनी आहे ती! काढ आधी!" बाई ओरडल्या. पोरगी खुशाल चघळत होती.

आता सगळ्या काड्या परत माझ्या पोटात आहेत आणि मी काचेच्या कपाटात उभा आहे. लोक काचेला नाक लावून विचारतात, "खरं सांगतो का हा?" त्या दिवशी माझं पोट भरलेलं असतं, तरी मला काय कळणार होतं? मी ते पोर पाहिलंही नव्हतं. जे कळायचं ते त्याच्या आईला कधीच कळलं होतं.

म्हणून माझा एवढा निरोप पोचवा. ज्या घरात तान्हं आहे तिथे सांगा, शेजारणीला सांगा, लेकीसुनांना सांगा. पोर दूध घेईना, लंगोट ओला होईना, तर कुणी हसेल म्हणून थांबू नका. उचला आणि निघा.