शतावरी फर्न

आमच्या घरात मांजर व्याली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, आणि बायकोनं झाड आणलं तेव्हाही नाही. घर माझ्या नावावर आहे, एवढंच.

झाड संग्रामपूर रस्त्यावरच्या नर्सरीतलं. सुवर्णा, म्हणजे माझी बायको, आणि आई सोबत गेल्या होत्या. नर्सरीवाला म्हणाला, "शतावरी फर्न हाय. घरात मस्त राह्यते." सुवर्णा नवरा सोडून सगळं मोबाइलवर तपासून घेते. तिनं तिथंच शोधलं, फर्न मांजराला चालतं का. चालतं, असं आलं. झाड खिडकीत बसलं. खाली टोपल्यात गोदी मांजर आणि तिची पिल्लं.

थोड्याच दिवसांत गोदी ओकायला लागली. पिल्लांना जवळ येऊ देईना. पिल्लं सारखी ओरडत होती आणि ते ऐकून माझं डोकं फिरलं होतं.

"त्या झाडानंच झालं," मी म्हणालो.

"फर्न हाय थे. फर्ननं काहीच होत नाही," सुवर्णा म्हणाली.

आई काहीच बोलली नाही. भाजीतल्या मिठापासून सरपंचापर्यंत आईला सगळ्यावर मत असतं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

सुवर्णा घरी पिल्लांना ड्रॉपरनं दूध पाजत बसली. मी आणि आई गोदीला पिशवीत घालून जळगाव जामोदच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. झाडाची एक फांदीही नेली. आमच्या पुढे एक म्हैस होती. पिशवीत मांजर आहे कळल्यावर म्हशीच्या मालकानं म्हैस जरा पलीकडे घेतली.

डॉक्टर योगिनी मॅडमनी फांदी पाहिली. "हे नावालाच फर्न. शतावरीच्या जातीतलं शोभेचं झाड आहे, मांजराला बाधतं. खरं फर्न असतं तर एवढं झालं नसतं. पण मांजर आपणहून इतकं खात नाही."

"वाटून देल्लं," आई म्हणाली. "दुधात. रोज."

"काऊन?" मी ओरडलो. म्हशीनंसुद्धा वळून पाहिलं.

"काऊन म्हंजे? शतावरी बाळंतिनीले देतात. दूध येते."

नर्सरीवाल्याच्या एकाच वाक्यातलं 'फर्न' बायकोनं घरी आणलं होतं आणि 'शतावरी' आईनं.

मॅडमनी औषधाची शतावरी वेगळी असते हे समजावलं आणि सलाईन लावलं. वाचेल म्हणाल्या. मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच आईवर घसरलो. "मांजरीचं बाळंतपन करते का कोनी, माय? डिंकाचे लाडू बी करायचे होते!"

आई गोदीच्या कपाळावरून बोट फिरवत होती.

"मले कोनी देल्ली नाही शतावरी," ती म्हणाली. "जानेफळ गावाले बाळंत झाली अन् लगेच कापूस वेचाले गेली. दूधच आलं नाही. लेकरू रडू रडू निळं पडे. म्हनलं, इचे पिल्लं तरी उपाशी नको राहाले."

सलाईन थेंब थेंब चाललं होतं. माझ्या आईला मूल एकच झालं. ते पिशवी धरून उभं होतं.